बोअरची गाडी एका दिवसात तीनशे फूट जाते, मग मंगळावर दोन मीटर खणायला इतकी वर्षे का?

विचारलेले प्रश्न तीन आहेत. मंगळावर क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या रोव्हरनी खडकांत छिद्रे पाडलीच आहेत, मग युरोपचा रोझलिंड फ्रँकलिन हा रोव्हर केवळ दोन मीटर खोल जाण्यासाठी वेगळा का पाठवायचा? आपल्या गावात बोअरची गाडी सकाळी उभी राहिली की संध्याकाळपर्यंत तीनशे फूट जाते, मग त्या दोन मीटरचे एवढे काय? आणि तिथेही काही सापडले नाही, तर मंगळावर जीव कधीच नव्हता असे समजायचे का?

मी भूवैज्ञानिक आहे. दख्खनच्या बेसाल्टमधून आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमधून काढलेले कोअर, म्हणजे खडकाचे दंडगोलाकार नमुने, हाताळणे आणि त्यांतून सूक्ष्मजीवांच्या तपासणीसाठी नमुने वेगळे करणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. मंगळाच्या कोणत्याही मोहिमेत माझा प्रत्यक्ष सहभाग नाही. परंतु जमिनीखालून वर आणलेला दगड आणि त्यात सापडलेली जीवसृष्टीची खूण यांच्यामध्ये किती शंका उभ्या राहतात, हे मी रोज पाहतो, आणि मंगळाच्या बाबतीत अडचण नेमकी तिथेच आहे.

पहिला गैरसमज आधी दूर करतो. दोन मीटर खाली जाऊन कोणी जिवंत जंतू शोधणार नाही. मंगळावरच्या शोधात खोलीचे तीन वेगवेगळे टप्पे आहेत आणि तिथे शोधायच्या गोष्टीही वेगळ्या आहेत. पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये किरणोत्साराने आणि क्षारांनी होरपळलेले अवशेष मिळतात. एक-दोन मीटरवर, नशीब असेल तर, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या मृत जीवांचे रासायनिक अवशेष बऱ्यापैकी शाबूत मिळू शकतात. आज जगणारे काही असलेच, तर ते जिथे पाणी द्रवरूपात टिकू शकते तिथे, म्हणजे काही किलोमीटर खाली असण्याची शक्यता अधिक आहे. वर्तमानपत्रांत या तिन्ही गोष्टी ‘मंगळाखाली जीवसृष्टीचा शोध’ या एकाच मथळ्यात येतात, आणि मग कोणत्या निकालाचा अर्थ काय लावायचा हे वाचकाला कळेनासे होते.

दोन मीटर हा आकडा आला कुठून? मंगळाला आज पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही आणि वातावरणाचा दाब आपल्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे अंतराळातून येणारे वैश्विक किरण थेट जमिनीत शिरतात. क्युरिऑसिटीवरच्या किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाने गेल विवरात पृष्ठभागावर जी मात्रा नोंदवली, ती वर्षाला सुमारे ७६ मिलीग्रे भरते (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरणोत्साराचे एकक आहे). त्या मोजमापावर आधारलेल्या गणितानुसार दहा सेंटिमीटर खाली ही मात्रा कमी होण्याऐवजी थोडी वाढते, कारण वेगवान कण खडकातल्या अणूंवर आदळून दुय्यम कणांचा वर्षाव निर्माण करतात. एक मीटरवर ती पृष्ठभागाच्या सुमारे निम्म्यावर येते, दोन मीटरवर सुमारे ९ मिलीग्रे आणि तीन मीटरवर २ मिलीग्रेपेक्षा कमी होते. म्हणजे दोन मीटर ही काही जादूची रेषा नाही. रोव्हरला पेलवेल अशी लांबी आणि किरणांपासून मिळणारा आडोसा यांच्यात केलेली ती तडजोड आहे. माझ्या मते ती योग्य तडजोड आहे, कारण त्या खोलीवर नाश होण्याचा वेग आठ-नऊ पटींनी मंदावतो.

वर्षाला ७६ मिलीग्रे हा आकडा ऐकायला लहान वाटतो. परंतु ज्या चिखलाच्या खडकांत ही खूण शोधायची आहे ते साडेतीन-चार अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत, आणि हा मारा रोजचा, अखंड आहे. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले मंगळासारख्या परिस्थितीत किती टिकतात, याचे प्रयोग नासाच्या गोडार्ड केंद्रातील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत केले. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. आजचे रोव्हर ज्या पाच सेंटिमीटरच्या आसपास खणतात, तिथे ही आम्ले पूर्णपणे नष्ट व्हायला सुमारे दोन कोटी वर्षे पुरतात. पाणी आणि पर्क्लोरेट हे क्षार सोबत असतील तर त्याहूनही कमी. भूवैज्ञानिक काळात दोन कोटी वर्षे म्हणजे काहीच नाहीत. आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांचा बनला आहे, त्यांचे वयच साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे.

पर्क्लोरेटचे नाव निघाले आहे, तर १९७६ कडे जाणे भाग आहे, कारण त्या वर्षीच्या एका निकालाने हे सगळे क्षेत्र जवळजवळ वीस वर्षे थंडावले होते. २० जुलै आणि ३ सप्टेंबर रोजी व्हायकिंग १ आणि व्हायकिंग २ मंगळावर उतरले. त्यांच्या हातांनी वरच्या थरातली माती उचलून पेटीत टाकली. एका प्रयोगात मातीला किरणोत्सारी कार्बन मिसळलेल्या पोषक द्रवाचा थेंब दिला गेला आणि त्यातून किरणोत्सारी वायू बाहेर पडला, म्हणजे काहीतरी ते अन्न ‘खात’ असल्यासारखे दिसले. परंतु शेजारच्या उपकरणाने तीच माती पाचशे अंशांपर्यंत तापवून पाहिली, तेव्हा त्यात सेंद्रिय पदार्थ म्हणून केवळ क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन मिळाले, आणि पृथ्वीवर उपकरण स्वच्छ करताना राहिलेल्या द्रावकाचे अंश म्हणून त्यांची बोळवण झाली. सेंद्रिय कार्बनच नाही, तर जीव कुठून असणार, असा निर्णय झाला.

मग २००८ मध्ये फिनिक्स हे यान उत्तर ध्रुवाजवळ उतरले. त्याने चर खणला आणि काही सेंटिमीटर खालीच पांढरे खडे दिसले. चार दिवसांनी पुन्हा छायाचित्र घेतले तेव्हा ते खडे नाहीसे झाले होते. मीठ असते तर जागेवर राहिले असते. बर्फ होता, म्हणून उडून गेला. त्याच यानाच्या रासायनिक प्रयोगात मातीत पर्क्लोरेट सापडले, तेही अर्ध्या टक्क्याच्या घरात. हा क्षार थंडीत निपचित पडून असतो, पण तापवला की ऑक्सिजन सोडतो आणि शेजारचे सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतो. २०१० मध्ये संशोधकांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या मातीत पर्क्लोरेट मिसळून ती व्हायकिंगसारखी तापवली, आणि निघाले काय, तर क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन. व्हायकिंगच्या मातीत जीव होता असे यावरून सिद्ध होत नाही, हे मी आवर्जून सांगतो. पण ‘सेंद्रिय पदार्थ नाहीत’ हा निष्कर्ष पक्का नव्हता, एवढे नक्की झाले. नमुना तपासण्याची पद्धतच नमुन्यातला पुरावा खाऊन टाकू शकते, हा धडा आमच्या कामात आजही रोज उपयोगी पडतो.

इथे क्युरिऑसिटीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘सहा सेंटिमीटर निरुपयोगी, दोन मीटर उपयोगी’ असे सरळ समीकरण मांडले तर ते चुकीचे ठरेल. गेल विवरातल्या यलोनाइफ बे भागात ‘कंबरलँड’ नावाचा चिखलाचा खडक आहे. २०१३ मध्ये क्युरिऑसिटीने त्यात छिद्र पाडले. त्या भुकटीत किरणांमुळे तयार झालेल्या वायूंचे प्रमाण मोजून तो खडक उघड्यावर किती काळ आहे हे ठरवता आले, आणि उत्तर आले सुमारे आठ कोटी वर्षे. खडक स्वतः अब्जावधी वर्षांचा, पण त्याच्यावरची जाडी वाऱ्याने खरवडून काढली ती अगदी अलीकडे. म्हणजे खणण्याचे काम वाऱ्याने आधीच केले होते, आणि रोव्हरला त्या वाऱ्याने उघड्या केलेल्या कड्याच्या पायथ्याशी जाण्याएवढेच करायचे होते. आठ कोटी वर्षांतही पुष्कळ नाश होतो, तरीही याच खडकाच्या नमुन्यात डेकेन, अनडेकेन आणि डोडेकेन या दहा, अकरा आणि बारा कार्बनच्या साखळ्या सापडल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. मंगळावर आतापर्यंत सापडलेले हे सर्वांत मोठे सेंद्रिय रेणू आहेत. पेशींच्या आवरणात असणाऱ्या मेदाम्लांचे ते तुकडे असू शकतात, आणि जीवाशिवायही ते तयार होऊ शकतात. सहा सेंटिमीटरवर, जुन्या पद्धतीने तापवून एवढे मिळते, तर आडोशाच्या खोलीवर काय मिळेल, ही उत्सुकता मला तरी स्वाभाविक वाटते.

आता बोअरच्या गाडीकडे येतो, कारण हा प्रश्न मला शेतकऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनीही विचारला आहे आणि तुलना मुळीच वावगी नाही.

गाडी शेतात उभी राहते तेव्हा नीट पाहावे. ट्रकवर डिझेलचा मोठा कॉम्प्रेसर असतो. त्याची हवा रॉडमधून खाली हॅमरपर्यंत जाते, हॅमर बिटला ठोकत राहतो, आणि तीच हवा खडकाचा चुरा छिद्राच्या कडेने वर फेकते. वरचा मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग घालतात. काळा पाषाण लागला की वेग मंदावतो, मांजऱ्या हा मऊ खडक लागला की पाण्याची आशा वाटते. रॉड संपला की दोन माणसे पाना लावून दुसरा जोडतात. बिट अडकले तर अनुभवी ऑपरेटर कॉम्प्रेसरच्या आवाजावरून ओळखतो आणि रॉड मागे घेतो. यातली एकही सोय मंगळावर नाही.

विजेपासून सुरुवात करू. क्युरिऑसिटीच्या अणुबॅटरीतून उड्डाणाच्या सुमारास सुमारे ११० वॅट वीज मिळत होती. स्वयंपाकघरातला मिक्सर त्याच्या पाच-सहा पट वीज घेतो. रोझलिंड फ्रँकलिन तर सौरपट्ट्यांवर चालणार आहे. दुसरी अडचण वजनाची. खडकात बिट घुसवायला वरून दाब लागतो. रोझलिंड फ्रँकलिनचे वस्तुमान सुमारे ३१० किलो आहे आणि मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. म्हणजे तिथे त्याचा भार इथल्या सव्वाशे किलोंपेक्षाही कमी भरतो, आणि त्याहून जास्त जोराने बिट दाबले तर खडक फुटण्याऐवजी रोव्हरच उचलला जाईल. तिसरी अडचण चुऱ्याची. पाणी वापरता येत नाही, कारण तिथल्या दाबाला ते एकतर गोठेल किंवा उकळून जाईल, आणि वापरता आले असते तरी जीवसृष्टी शोधताना छिद्रात पृथ्वीवरचे पाणी ओतणे हा गुन्हाच ठरला असता. म्हणून चुरा केवळ रॉडवरच्या सर्पिलाकार खाचांनी वर सरकवायचा. चौथी अडचण उष्णतेची. विरळ हवेत बिटाची उष्णता वाहून नेणारे काहीच नाही. खाली बर्फमिश्रित माती असली, तर बिटाच्या उष्णतेने बर्फ वितळतो, चिखल होतो, आणि थांबलात की तोच चिखल गोठून बिट आवळून धरतो. त्यातच जे रेणू शोधायला आपण खाली गेलो, ते उष्णतेने बिघडण्याची भीती असते. त्यामुळे थोडे फिरवायचे, थांबायचे, तापमान पाहायचे, पुन्हा फिरवायचे, असे चालते.

आणि आवाज ऐकायला तिथे कोणी नाही. संदेश एका दिशेने जायलाच ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. बिट अडकत असल्याचे यंत्रालाच ओळखावे लागते आणि थांबण्याचा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. डिसेंबर २०१६ मध्ये क्युरिऑसिटीच्या ड्रिलला पुढे ढकलणारी यंत्रणा बिघडली, तेव्हा संपूर्ण हातानेच दाब देऊन खणण्याची नवी पद्धत पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर बसवून ती मंगळावर यशस्वी व्हायला मे २०१८ उजाडले. पर्सिव्हिअरन्सने ऑगस्ट २०२१ मध्ये पहिला कोअर घेतला तेव्हा यंत्राने सगळी कामे बिनचूक केली, नळी बंद केली, आणि नळी रिकामी निघाली. खडक इतका ठिसूळ होता की त्याची भुकटी होऊन खाली पडली होती. झिजलेल्या बेसाल्टमध्ये कोअर काढताना असा रिकामा बॅरल वर आलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. आम्ही शिव्या न देता पुन्हा उतरतो, कारण दुसरा प्रयत्न अर्ध्या तासात होतो.

या सर्वांत मला सर्वाधिक शिकवून गेलेली मोहीम इनसाइट आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ती एलिझियम प्लॅनिशिया या सपाट प्रदेशात उतरली. तिच्यासोबत जर्मनीत बनवलेला, सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीचा, स्वतःच स्वतःला ठोकत खाली जाणारा खिळा होता. पाच मीटरपर्यंत जाऊन त्याने ग्रहाच्या आतून येणारी उष्णता मोजायची होती. २८ फेब्रुवारी २०१९ ला ठोकणे सुरू झाले, आणि खिळा थोडा आत जाऊन थबकला. अशा खिळ्याला प्रत्येक ठोक्यानंतरचा मागे येणारा धक्का शोषायला बाजूच्या मातीचे घर्षण लागते. तिथली माती घट्ट चिकटलेल्या कवचासारखी निघाली. खिळ्याभोवती ती कोसळून त्याला धरण्याऐवजी खड्डा तसाच उभा राहिला आणि खिळा जागच्या जागी उसळत राहिला. यानाच्या हाताच्या खोऱ्याने बाजूने दाबून पाहिले, मग वरून दाबून पाहिले. जवळजवळ दोन वर्षांच्या प्रयत्नांनंतर खिळ्याचे डोके पृष्ठभागाखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये काम थांबवावे लागले. यंत्र निर्दोष होते. मातीबद्दलचा अंदाज चुकला होता. जमिनीत काम करणाऱ्या कोणालाही हे वाचून वाईट वाटेल, पण आश्चर्य वाटणार नाही.

दोन मीटर खणणे अशक्य मात्र नाही. सोव्हिएत संघाच्या ल्यूना २४ या मानवरहित यानाने १९७६ च्या ऑगस्टमध्येच चंद्रावर सुमारे दोन मीटर खोल जाऊन १७० ग्रॅम माती पृथ्वीवर आणली होती. परंतु चंद्रावरच्या मातीत जीवाची खूण शोधायची नव्हती, त्यामुळे स्वच्छतेचे ओझेही एवढे नव्हते.

रोझलिंड फ्रँकलिनचे ड्रिल इटलीत बनले आहे. मुख्य रॉडला पन्नास-पन्नास सेंटिमीटरचे तीन रॉड तो स्वतःच जोडत जातो, म्हणजे आपल्या गाडीवरची पाना धरणारी दोन माणसे या पेटीतच बसवलेली आहेत. टोकाजवळ एक लहानशी खिडकी आहे, तिच्यातून छिद्राच्या भिंतीवर प्रकाश टाकून खनिजे ओळखली जातात. खणण्याआधी जमिनीखालचे थर पाहायला वेगळे रडार आहे. तळाशी गेल्यावर सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे करंगळीच्या पेराएवढा तुकडा पकडून तो वर आणतो, पोटातल्या चक्कीत त्याची भुकटी होते आणि ती उपकरणांपुढे मांडली जाते. त्याच्या पृथ्वीवरच्या जुळ्या प्रतिकृतीने इटलीतल्या तूरिन येथे १.७ मीटर खोलीवरून नमुना काढून दाखवला आहे. रोव्हर २०२२ मध्ये जायला तयार होता, पण युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाशी असलेले सहकार्य थांबले आणि उतरण्याची यंत्रणा नव्याने बनवावी लागली. आता उड्डाण २०२८ मध्ये आणि ऑक्सिया प्लॅनम या चार अब्ज वर्षांच्या आसपासच्या चिकणमातीच्या प्रदेशात उतरणे २०३० मध्ये, असे ठरले आहे.

त्याच्यावरचे मोमा हे उपकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते नमुना भट्टीत तापवू शकतेच, पण त्याखेरीज लेझरच्या अतिशय छोट्या स्पंदनांनी रेणू थेट उडवून मोजू शकते. हे इतक्या कमी वेळात घडते की पर्क्लोरेटला जाळपोळ करायला अवसरच मिळत नाही. व्हायकिंगच्या चुकीला पन्नास वर्षांनी दिलेले हे उत्तर आहे. शिवाय ते रेणूंची बाजूही ओळखू शकते. अमिनो आम्ले आरशातल्या प्रतिमेसारखी डावी आणि उजवी अशा दोन रूपांत असू शकतात. उल्कांमधून येणाऱ्या किंवा साध्या रसायनक्रियेत बनणाऱ्या मिश्रणात दोन्ही रूपे बहुधा मिसळलेली असतात, पण पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी जवळपास फक्त डावी वापरतात. मेदाम्लांचेही तसेच. जीव ही साखळी दोन-दोन कार्बन जोडत वाढवतो, म्हणून सम संख्येच्या साखळ्या ठळकपणे जास्त दिसतात. एकटा रेणू सापडणे हा पुरावा होत नाही. असा एकतर्फी कल दिसला, आणि तोही योग्य खडकात, योग्य थरात दिसला, तर बोलता येते. पर्सिव्हिअरन्सला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराकडे येणाऱ्या जुन्या नदीपात्रात चित्त्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके असलेला खडक मिळाला. त्यात व्हिव्हियनाइट आणि ग्रिगाइट ही खनिजे असल्याची चिन्हे आहेत, आणि पृथ्वीवर अशी खनिजे पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या कामातून बनतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘संभाव्य’ जैवखूण म्हटले, त्याच्या पुढे ते गेले नाहीत. त्या खडकाचा कोअर पृथ्वीवर येईपर्यंत त्या शब्दापुढे जाणे योग्यही नाही.

आता माझ्या कामाच्या गाभ्याकडे येतो. एकदा आम्हाला कित्येकशे मीटर खोलीवरच्या बेसाल्टमधून सूक्ष्मजीवांचे डीएनए भरपूर मिळाले. ‘भरपूर’ याच शब्दाने खरे तर सावध व्हायला हवे होते, कारण खोल खडकात ग्रॅममागे काही हजार किंवा त्याहून कमीच पेशी असतात. आम्ही दोन महिने त्या जंतूंची यादी करण्यात घालवले. मग एका तरुण सहकाऱ्याने विंधनासाठी वापरलेल्या पाण्याच्या टाकीतला नमुना तपासला, आणि तीच यादी, जवळपास त्याच क्रमाने, समोर आली. आम्ही पाताळातली जीवसृष्टी मोजत नव्हतो. टाकीतले शेवाळलेले पाणी मोजत होतो. तेव्हापासून आम्ही विंधनाच्या पाण्यात जंतूंच्या आकाराचे चमकणारे सूक्ष्म मणी मिसळतो. कोअर वर आला की त्याची बाहेरची साल निर्जंतुक छिन्नीने तासून टाकतो, आतला गाभा सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, आणि त्यात एकही मणी चमकला तर तो तुकडा बाजूला ठेवतो. कोअर बॉक्समधून सुरेख दिसणारे कितीतरी तुकडे अशा रीतीने रद्द होतात. विद्यार्थ्यांना ते फार जिवावर येते, आणि मला त्यांचे दुःख समजते.

मंगळावर हीच शंका अनेक पटींनी मोठी होते. तिथे शोधायचे रेणू अब्जांश प्रमाणात असणार आणि ते शोधणारे यंत्र माणसांनी, हातमोजे घालून का होईना, हाताने जोडलेले आहे. व्हायकिंगची याने उड्डाणापूर्वी अख्खी भट्टीत घालून ११० अंशांहून अधिक तापमानाला तासन् तास भाजली होती. आजची नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणे ते सोसत नाहीत, म्हणून नमुन्याचा मार्ग तेवढा अतिस्वच्छ ठेवून बंद करतात. पर्सिव्हिअरन्सकडे ४३ नळ्या आहेत, त्यांतल्या पाच ‘साक्षी’ नळ्या आहेत. त्यांत खडक भरायचा नसतो. यंत्राभोवतीची घाण त्यांत किती येते, एवढेच पाहायचे असते.

आज जिवंत असलेल्या जीवांबद्दल थोडे लिहितो, कारण आशा खरी तिथे आहे. पृथ्वीवर जमिनीखालचे जग ओसाड नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवरच्या भेगेतल्या पाण्यात जवळजवळ एकाच जातीचा जीवाणू राहतो. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाण्याचे विघटन होऊन जो हायड्रोजन मिळतो, त्यावर त्याचा संसार चालतो. सूर्याशी त्याचा काहीही संबंध नाही. आपल्याकडे कोयना-वारणा परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी विंधनछिद्रे घेतली गेली, गोठणे येथे तर तीन किलोमीटरचे पथदर्शी छिद्र झाले, आणि कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. त्या परिसराच्या कोअरमध्ये, वरच्या बेसाल्टमध्ये आणि खालच्या अब्जावधी वर्षांच्या ग्रॅनाइटमध्येही, खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना सूक्ष्मजीवांचे समूह आढळले. बेसाल्ट, भेगा, पाणी आणि लोह यांपासून हायड्रोजन मिळू शकतो, आणि मंगळाचे कवच मुख्यतः बेसाल्टचेच आहे. इनसाइटच्या भूकंपमापकाच्या नोंदींचा एक अर्थ २०२४ मध्ये असा लावला गेला, की तिथे साधारण साडेअकरा ते वीस किलोमीटर खोलीवर भेगाळलेल्या खडकात द्रव पाणी असावे. दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली दीड किलोमीटरवर तलाव असल्याचा २०१८ चा रडारवरून केलेला दावा मात्र मला पटलेला नाही. तशी चकाकी चिकणमातीमुळेही येऊ शकते. काहीही असो, त्या खोलीपर्यंत जाणारे यंत्र आज कोणाकडेही नाही, आणि असते तरी आपले जंतू तिथे नेऊन सोडण्याचा धोका मी आज पत्करला नसता.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. ऑक्सिया प्लॅनमच्या दोन मीटरखाली काही सापडले नाही, तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या ठिकाणच्या त्या थरांत मृत जीवांचे टिकलेले रेणू त्या उपकरणाला दिसले नाहीत. मंगळावर इतरत्र कधी जीव होता का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही, आणि कित्येक किलोमीटर खाली आज काय आहे याबद्दल तर ते काहीच सांगत नाही. थरांचे भूविज्ञान नीट कळले असेल, चिकणमाती पाण्यात साचलेली असेल, तापमान फार चढलेले नसेल आणि तरीही पाटी कोरी निघाली, तर मात्र तो निकाल मी गंभीरपणे घेईन, कारण जीव होता असे धरले तर अशाच जागी त्याची खूण राहायला हवी होती.

सापडले, तर बातम्यांत पहिल्यांदा झळकेल तो दोन मीटरवरच्या नमुन्याचा आलेख. मी तो लगेच पाहणार नाही. रोव्हरसोबत कोरे, म्हणजे सेंद्रिय पदार्थ नसलेले, नमुने जात आहेत. ज्या मार्गाने मंगळाचा खडक चक्कीतून भट्टीपर्यंत जाईल, त्याच मार्गाने ते आधी फिरवून पाहायचे आहेत. त्या कोऱ्या नमुन्याचा आलेख मी प्रथम उघडीन, आणि जिथे दुसऱ्या आलेखात शिखर दिसते आहे, नेमक्या त्याच जागी या आलेखातली रेषा सपाट आहे का, ते पाहीन.